निंबा पास्टरांचा नवा आवाज

पाचोऱ्याच्या निंबा पास्टरांना देवाने काही कमी दिलं नव्हतं. लहानशी का होईना, पण जीव लावणारी मंडळी होती. प्रमिलाबाईंसारखी खमकी बायको होती. आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून ते अहिराणीत प्रार्थना करू लागले की तापाने फणफणलेला माणूससुद्धा निवांत डोळे मिटायचा. पण पास्टरांना यातलं काही दिसेल तर शपथ! त्यांना दिसायचे फक्त धुळ्याचे पास्टर हितेंद्र.

हितेंद्र मूळचे पाचोऱ्याचेच. दोघं बरोबरच सेवेत उतरले होते. आता हितेंद्रांच्या सभेला मांडव पडायचा, स्पीकर लागायचे, कीबोर्ड वाजायचा आणि पांढऱ्या कोटातले हितेंद्र डरकाळ्या फोडायचे. त्यांचे व्हिडिओ निंबा पास्टर नेमके जेवताना बघायचे आणि स्वतःचाच घास कडू करून घ्यायचे. "ह्याच्यात असं आहे तरी काय?" म्हणायचे आणि तोच व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायचे. गुडघे देवापुढे टेकलेले, कान मात्र धुळ्याकडे!

नुसते जळत बसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण महाशयांना नक्कल करायची हुक्की आली. न्हाणीघरात ते घसा खरवडून गरजू लागले. अहिराणी त्यांना एकदम खेडवळ वाटायला लागली. अर्धी हिंदी, अर्धी पुस्तकी मराठी आणि दर वाक्याला एक डरकाळी, असा त्यांचा नवा आवाज!

"त्यासना मांडव मोठा शे का धाकला, तुमले काय करनं शे?" प्रमिलाबाई बाहेरून ओरडल्या. "तुमले जठे बलावतस तठे जा ना सरळ!"

पास्टरांनी आतून नळ सोडला.

आणि बोलावणं आलं ते हितेंद्रांकडूनच. त्यांची म्हातारी आई, द्रौपदाबाई, पाचोऱ्यातच राहायची आणि निंबा पास्टरांच्या मंडळीत यायची. डोळे कधीच गेले होते, आता अन्नही जाईना. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. तिला शेवटचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, घ्यायचं होतं.

पोटचा पोरगा एवढा नावाजलेला पास्टर असताना आपल्याला का बोलावलं, असा प्रश्न कोणालाही पडला असता. निंबा पास्टरांना पडला नाही. आज हितेंद्रला दाखवायचंच, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी कोट चढवला. पांढराच.

खाटेपाशी हितेंद्र साध्या शर्टात, पडल्या चेहऱ्याने बसले होते. निंबा पास्टरांनी त्यांच्याकडे एक नजर टाकली, हात उंच केले आणि सुरू झाले. खिडकीची तावदानं थरथरली. शेजारची बाई पोळपाट टाकून दारात आली. घाम पुसत पास्टरांनी भाकरीचा तुकडा द्राक्षरसात भिजवला आणि म्हातारीच्या ओठांशी नेला. सगळं लक्ष हितेंद्रांवर. बघतोय ना हा?

म्हातारीने ओठ घट्ट मिटून घेतले. पास्टरांनी पुन्हा गर्जना केली. तिने तोंडच भिंतीकडे फिरवलं.

"हितू," ती कशीबशी बोलली, "कसाले वरडस रे मना आंगवर? निंबाले बलाव. निंबा येई, मंगच लिसू मी."

भिजलेला तुकडा पास्टरांच्या बोटांत विरघळत होता. द्राक्षरसाचा ओघळ पांढऱ्या बाहीत शिरला.

"निंबाभाऊ," हितेंद्र खालच्या आवाजात म्हणाले, "तुनं नेहमीनं बोल ना. त्यानाकरताच बलावं तुले. मना हातनं ती लेस नही."

ज्याच्यासारखं व्हायला पास्टरांनी महिनोन् महिने घसा फोडला, त्याच्या हातून त्याची आई घास घेत नव्हती! पास्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाटेच्या काठावर बसले. गरजून गरजून आवाज बसलाच होता, तो आता आणखी बारीक झाला.

"देवबाप," ते म्हणाले, "तुनी पोर आठे पडेल शे. तिना हातपाय थकी गयात. आते तू तिनाजोडे बस."

म्हातारीचं तोंड हळूहळू इकडे वळलं. ओठ उघडले. पास्टरांनी नवा तुकडा भिजवून तिच्या जिभेवर ठेवला. कितीतरी वेळाने तो तिच्या घशाखाली उतरला. मग चाचपडत तिने त्यांचं मनगट धरलं.

"निंबा," ती म्हणाली, "इतला येळ कोठे व्हता रे तू?"

इतका वेळ तिच्या उशाशीच उभ्या असलेल्या पास्टरांनी भिजलेली पांढरी बाही वर सारली आणि मनगट तिच्या हातात नीट दिलं.