बर्फात अडकलेला ब्रेक

देवदत्त पाटकरांच्या गॅरेजात कुठल्याही दुखण्याला एकच औषध होतं, खोबरेल. दार कुरकुरलं, खोबरेल. पाना गंजला, खोबरेल. गिऱ्हाईकाशी वाजून डोकं तापलं, तर त्यावरही खोबरेलच. वेंगुर्ल्याहून शारजाला येऊन निम्मं आयुष्य गेलं, पण टेबलावरची ती निळी बाटली काही हलली नव्हती.

आणि आता त्याच गॅरेजात, बाहेर डांबर पाघळत असताना, बर्फावर चालायची गाडी उभी होती. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा. शेजारचा पठाण टायरवाला रोज येऊन विचारून जायचा, "पाटकरभाई, बर्फ कब गिरेगा?"

गाडी होती गिरिजासाठी. गिरिजा त्यांची पुतणी. दुबईतल्या एका बंदिस्त बर्फघरात ती बचावाची स्नोमोबाईल चालवायची. उतारावर कुणी पडलं की त्याला मागच्या घसरगाडीत निजवून खाली आणायचं, हे तिचं काम. गेल्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात तिचा उजवा हात कोपराच्या वरून गेला आणि मॅनेजर हातिमसाहेबांनी तिला तिकिटांच्या खिडकीत बसवलं.

"काका, मला काचेतून बर्फ बघायला लावलंय रे," ती म्हणाली होती. बस, एवढंच.

हातिम माणूस वाईट नव्हता. त्याने एक जुनी गाडी देऊन सांगितलं, रविवारपासून शाळांच्या मुलांची गर्दी सुरू होतेय, त्याआधी चालवून दाखव. नाही जमलं तर खलास, खिडकीच.

या गाडीचा वेग उजव्या अंगठ्याशी आणि ब्रेक डाव्या मुठीत. देवदत्तांनी वेगाची कळ डाव्या अंगठ्याखाली आणली. हँडलची डावी मूठ जरा आत वळवली, म्हणजे एकाच हाताने गाडी दोन्हीकडे फिरवता येईल. राहिला ब्रेक. एकाच हाताने वळवायचं, पळवायचं आणि थांबवायचंही, हे कसं जमणार?

"पायात दे ना," गिरिजा म्हणाली. "बाबांच्या स्कूटरला होता तसा."

देवदत्तांनी कपाळावर हात मारला. उजव्या पायाखाली पेडल बसलं, तिथपासून ब्रेकपर्यंत लांब केबल गेली, आणि केबल लोण्यासारखी सरकावी म्हणून तिच्या नळीत निळी बाटली मायेने रिकामी झाली.

गुरुवारी चाचणी. गिरिजा झोकात वर चढली, अर्ध्या उतारावर ब्रेक दाबून थांबली, आणि थांबली ती थांबलीच. तिने पाय उचलला, तरी पेडल खालीच. इंजिन किंचाळलं, रबर जळाल्याचा वास सुटला, गाडी तसूभर हलेना.

"बेटी, मुश्किल है," हातिम म्हणाला. "पीछे पेशंट है, गाडी ऐसी खडी हो गई, फिर?" मग म्हणाला, "शनिवार. लास्ट."

पिकअपमधून गाडी शारजाला आली. देवदत्तांनी उन्हातच पेडल दाबून पाहिलं. खाली, वर, खाली, वर. अगदी नव्यासारखं!

"गिरिजा, पाय पूर्ण उचलला होतास ना गं?"

"काका, हात गेलाय माझा. पाय नाही."

दुबईतल्या करामा भागातल्या घरी पोचेपर्यंत ते शब्द त्यांच्या कानातून हलले नाहीत. आल्या आल्या त्यांनी एसी सोडला आणि डोळे मिटून पडून राहिले. तिन्हीसांजेला सविताकाकू देवापुढे बसल्या. गावच्या सातेरीदेवीपुढे रोज खोबरेलाचा दिवा लावायचा, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम.

"अहो, किती गार करून ठेवलंय! तेल दगड झालंय, दिव्यात पडेना." आणि त्या बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागल्या.

देवदत्त ताडकन उठले. बाटलीतलं गोठून पांढरंफटक झालेलं तेल बघत म्हणाले, "मी गाढव आहे."

"दिव्यासमोर असं बोलू नये."

"अगं, गाढवच! तिथे बर्फात तेल गोठलं, इथे उन्हात वितळलं!"

आधी त्यांनी फोन लावला. "पोरी, तुझा पाय सोन्याचा आहे. दोष माझ्या बाटलीचा. चुकलो."

पलीकडून खुदकन हसू. "यल्ला, चल काका, कामाला लाग."

शुक्रवारी केबल पेट्रोलने धुतली, वाळवली, थंडीत न गोठणारं तेल घातलं. मग ती घरच्या फ्रीझरमध्ये गेली. "माझ्या खवलेल्या नारळावर ठेवू नका हं," काकूंनी बजावलं. संध्याकाळी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पांढरा थर होता, पण आतली तार सुळकन सरकली.

शनिवारी सविताकाकूही आल्या, साडीवर भाड्याचा जाडजूड कोट चढवून. गिरिजा वर चढली, उतारावर थांबली. पेडल टक्कन वर आलं, गाडी पुढे निघाली. पुन्हा थांबली, पुन्हा निघाली.

हातिम पायी वर गेला आणि चक्क घसरगाडीत आडवा झाला. "चलो. मैं पेशंट."

"पट्टा बांधा, साहेब," गिरिजाने फर्मावलं. त्याने मुकाट्याने बांधला.

मग ती निघाली. डावीकडे, उजवीकडे, जाळीला वळसा घालून, अंगठ्यावर वेग तोलत. कोटाची रिकामी बाही मागे झेंड्यासारखी फडफडत होती. खाली येऊन तिने गाडी अलगद उभी केली, काकूंच्या पावलांपासून हातभर अंतरावर.

हातिम उठला, मिशीवरचा बर्फ झटकला. "संडे. सुबह. लेट नहीं होना."

काकूंनी हात जोडले. देवदत्तांना डोळे पुसायचे होते, म्हणून ते वाकून पेडल तपासत बसले.

"काका, बाटली आणलीस का?" गिरिजाने गाडीवरून विचारलं.

"नाही गं बाई. शपथ."

"आण उद्या. माझं डोकं तापलंय गुरुवारपासून."