जळजळ थांबली

मे महिन्यातल्या एका दुपारी वसंतराव भाजी घेऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. वेस्ट मांबलमच्या तापलेल्या रस्त्यावरून ते तसेच चालत आले होते. तळव्याला टरटरून फोड आला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"बाबा, दुखलं नाही?" त्यांची मुलगी मधुवंती मलम लावत म्हणाली.

"अजिबात नाही! कॅप्सूल लागू पडली बघ. जळजळ पार थांबली."

वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले, जुने मधुमेही. तळपायांची आग व्हायला लागली तेव्हा त्यांनी डॉक्टर टाळला आणि इंटरनेटवरचा एक गट गाठला. तिथे त्रिपुरसुंदरी नावाच्या बाईंनी एका परदेशी कॅप्सूलचं कौतुक केलं होतं. वसंतरावांनी ती मागवली आणि परवाच स्वतःचा अनुभवही लिहून टाकला. तो वाचून कोइम्बतूरच्या राममूर्तींनीही मागवली.

मधुवंतीला तो गट आधीपासूनच खटकत होता. तिथे सगळेच कसे बरे होतात? ज्यांना गुण येत नाही ते जातात कुठे? ही बाईच माल विकत असणार, असं तिला वाटलं. तिने भेटायची इच्छा कळवली, तर लगेच पत्ता आला. इतक्या सहज? तिचा संशय आणखी वाढला.

शनिवारी ती नंगनल्लूरला त्रिपुरसुंदरींच्या घरी गेली. दार उघडताच तिची नजर खोकी शोधत फिरली. खोकी नव्हती. साठीच्या बाईंनी कॉफी पुढे केली. दोघी इंग्रजीतच बोलल्या.

"आणखी काही औषध चालू होतं का?" मधुवंतीने विचारलं.

"हो, डॉक्टरांची इंजेक्शनं. माझं बी-ट्वेल्व्ह फारच कमी होतं."

"मग ते लिहिलं नाहीत?"

बाई गोंधळल्या. "तिथे कॅप्सूलबद्दल विचारलं होतं."

खोटं काहीच नव्हतं. मधुवंतीला त्याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तिने वसंतरावांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून तळव्याला टाचणी टोचली.

"कधी टोचताय?" वसंतरावांनी विचारलं.

"टोचून झालं," डॉक्टर म्हणाले. "आग थांबली नाही काका, पाय बधिर झालाय."

रक्त तपासलं. त्यांचंही बी-ट्वेल्व्ह तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली. फोडाची जखम भरायला बराच काळ लागला. पायाला हळूहळू थोडी जाण आली, पण सगळी नाही.

वसंतरावांना मात्र वेगळीच टोचणी लागली होती. त्यांनी गटावर सगळं खरं लिहिलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. खाली राममूर्तींचा नवा मजकूर तेवढा आला : 'माझीही जळजळ थांबली. वसंतराव सरांचे आभार.'

वसंतरावांनी नंबर मिळवून फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं. "आजच डॉक्टरांना पाय दाखवा," ते कळवळून म्हणाले.



"सर, राग मानू नका," राममूर्ती म्हणाले, "पण तुम्ही त्या इंजेक्शनवाल्या कंपनीतर्फे बोलताय का?"