थोआबाईंचा कौल

“मी नाही हात लावणार!” सांग नावाच्या गवंड्याने घण खाली ठेवला. “पितरांच्या पूजेची फळी भिंतीवर असताना घाव घातला, तर जाब मलाच विचारतील ते!”

ख्वेने कपाळाला हात लावला. सायगॉनमधल्या या जुन्या घरात तिला आपल्या छोट्याशा कंपनीचं ऑफिस थाटायचं होतं. नवं वर्ष तोंडावर आलेलं आणि सगळं काम या एका भिंतीपाशी अडलेलं.

घरमालकीण थोआबाई स्टुलावर बसून बर्फाची कॉफी ढवळत होत्या. शिवणकाम करत इथेच त्यांनी संसार केला. गुडघ्यांना जिना झेपेना, तेव्हा त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि घर ख्वेला भाड्याने दिलं. सामान हललं, नवऱ्याचा फोटो मात्र फळीवरच राहिला. मुहूर्ताचं निमित्त करून तो उतरवायचं त्या रोज टाळत होत्या.

“मावशी, आज तरी?” ख्वे काकुळतीला आली.

“विचारते गं बाई त्यांना.”

त्यांनी उदबत्ती लावली आणि बशीत दोन जुनी नाणी टाकली. एक सुलटं, एक उलटं पडलं की होकार. दोन्ही सुलटी पडली.

“नाही म्हणतायत,” सांग पुटपुटला.

पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

“साधा पडदा बदलायचा म्हटलं तरी यांचं आपलं नाहीच!” थोआबाई फोटोवर डाफरल्या. “मी तिकडे लेकीकडे. तुम्ही इथे एकटे काय करणार हो? या पोरांचे फोन उचलणार?”

तिसऱ्या खेपेला एक नाणं सुलटं पडलं. दुसरं बशीतून उडून सिमेंटच्या पोत्यांखाली गेलं. सांग वाकून शोधायला लागला.

“राहू द्या भाऊ. ते उलटंच असणार.”

“न बघताच?”

“आयुष्यभर माझ्या उलटच तर होते!”

सांगला हसू आवरेना. ख्वेही खुदकन हसली. हसत हसतच थोआबाईंनी फोटो उतरवला. मग मात्र बराच वेळ त्या तो बाहीने पुसत राहिल्या.

घणाचे घाव पडले. विटा ढासळल्या, धुरळा उडाला आणि बाल्कनीतलं ऊन थेट आतल्या स्वयंपाकघरात शिरलं. जिथे भर दुपारीही दिवा लावून भात शिजवावा लागे, तो कोपरा लख्ख झाला.

“अगंबाई!” थोआबाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. क्षणभराने त्यांनी छातीशी धरलेला फोटो हळूच उजेडाकडे वळवला.

“बघितलंत?”