बंदराच्या फाटकावर आडवं लावलेलं पिंप

मी क्वासचं पिंप बोलतोय. पिवळं, दोन चाकांचं, पोटावर निळ्या अक्षरांत नाव मिरवणारं. काळा पाव आंबवून केलेलं ते आंबटगोड पेय माझ्या पोटात थंड राहायचं, आणि उन्हाळा लागला की क्रिमियातल्या आमच्या लहानशा बंदरात माझ्यापुढे रांग लागायची.

व्होल्गाकाठच्या कारखान्यात माझे पत्रे वळवले, युक्रेनच्या मालगाडीने मला समुद्राकाठी आणलं, आणि इथल्या एका तातार लोहाराने माझा मोडका आस बदलून दिला. तू नक्की कुणाचा, असं तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

धंदा कुणी शिकवावा लागत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं की तो आपोआप येतो. पेला नीट विसळलाय ना, असं जो दोनदा विचारतो तो दुसरा पेलाही घेणार, हे नक्की. आणि आज माल ताजा आहे का, असं विचारणारा नुसता सावलीला आलेला असतो.

माझी मालकीण मोत्रिया. मूळची पोल्टावाकडची युक्रेनियन, लग्न होऊन इथे आलेली. तिच्या शेजारी तिवईवर झोया बसायची, खारवलेले मासे आणि सूर्यफुलाच्या बिया घेऊन. झोया जातीची रशियन, आरमारातल्या खलाशाची विधवा. तिच्या मुलाला, ग्लेबला, बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये पाण्यातून काढलं तेव्हा मोत्रिया त्याची धर्ममाता झाली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'कुमा' म्हणायच्या. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. बहिणीशी भांडता येतं, कुमाशी नाही.

"मोत्रियाकाकू, फेस कमी घाला, क्वास जास्त!" कोळी ओरडायचे.

"फेस फुकट आहे रे मेल्या, त्याचे पैसे कुठे घेते?"

"घेऊ नकोस गं कुमा," झोया बी फोडत म्हणायची, "पण तुझा निम्मा संसार फेसावरच उभा आहे!" आणि दोघी हसून हसून लाल व्हायच्या. धर्मपुत्र ग्लेब मोठा होऊन जहाजावर मेकॅनिक झाला, वर्षातून एकदा घरी येऊ लागला. तो आला की त्याच्या ताटावरून दोघींत तेवढी एक लुटुपुटूची चढाओढ असायची.

मग एका मे महिन्यात ते जहाज आलं. युक्रेनच्या सरकारने पाश्चिमात्य देशांच्या सैन्याला सरावासाठी बोलावलंय, जहाजात त्यांचे तंबू आणि यंत्रं आहेत, अशी बातमी सकाळच्या रांगेतच पसरली. दुपारपर्यंत बंदराच्या फाटकावर ढोल वाजू लागले. विरोध करणारी माणसं तिथेच तंबू ठोकून बसली. झोयाने तिवई उचलली आणि तीही तिकडे गेली.

"अगं, चार दिवसांचे पाहुणे आहेत," मोत्रिया म्हणाली.

"पाहुणे? माझा नवरा जन्मभर ज्यांच्यावर शत्रू म्हणून दुर्बीण लावून बसला, ते माझ्या परसात तोफा उडवणार आणि मी त्यांना पाट मांडू?"

परदेशी सैनिकांना गावाबाहेरच्या आरोग्यधामात ठेवलं होतं. लोकांनी तेही वेढलं. आत पाण्याचे हाल आहेत असं तिथली स्वयंपाकीण सांगून गेली, तेव्हा मोत्रियाने एक कॅन भरून तिच्या हाती दिला. "तहानेला कुठला गणवेश असतो?" एवढंच म्हणाली. गावात गोष्ट लपत नाही. संध्याकाळच्या आत ती झोयाच्या कानावर गेली.

दुसऱ्या दिवशी फाटक अडवायला काहीतरी जड हवं होतं. दहाबारा जणांनी मला ढकलत नेलं आणि रस्त्यात आडवं लावलं. मोत्रिया धापा टाकत मागून आली. सगळ्यांसमोर झोया पुढे झाली आणि तिने माझा नळ पूर्ण सोडला.

"आता पाज तुझ्या पाहुण्यांना!"

सगळा क्वास डांबरावर वाहिला. आमच्याकडे पावाचा तुकडा खाली पडला तर उचलून ओठांना लावतात. आणि हा पावाचाच रस, लोकांच्या बुटांखाली. ढोल वाजवणारेसुद्धा थांबले. झोयाचा चेहरा उतरला, पण नळाकडे हात काही गेला नाही. मोत्रिया हळूच म्हणाली, "कुमा, मला दोन थोबाडीत मारल्या असत्यास तरी चाललं असतं गं."

सराव झाला नाही. जहाज परत गेलं, तंबू उठले, गाव विसरलं. पण तिवई माझ्याशेजारी पुन्हा आली नाही.

हिवाळ्यात मी मोत्रियाच्या अंगणात, टेकडीवर उभा होतो. मोठ्या उपवासाआधीचा रविवार आमच्याकडे क्षमेचा. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या दारी जायचं, "मला क्षमा कर" म्हणायचं. त्याने म्हणायचं, "देव करील, मीही केली." गेलात तर सुटलात.

त्या रविवारी मोत्रियाने धिरडी केली, मध घातला, ताट शालीत गुंडाळलं आणि टेकडीखाली झोयाकडे निघाली. दुखऱ्या गुडघ्यामुळे ती पायऱ्या उतरायची नाही, गाडीरस्त्याने वळसा घालून जायची. ती वळणाआड गेली न गेली तोच पायऱ्यांवरून झोया वर आली. तिच्याही हातात झाकलेलं ताट.

तिने दार ठोकलं. "कुमा!" पुन्हा ठोकलं. "अगं कुमा, मी आलेय!" आत मांजराने खिडकीच्या कट्ट्यावरून उडी मारली, पडदा हलला. झोयाने तो हलताना पाहिला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग ताटावरचं फडकं घट्ट केलं आणि पायऱ्या उतरली.

मी काय करणार? माझं तोंड म्हणजे एक नळ. त्यातून क्वास येतो, शब्द येत नाही.

उशिराने मोत्रिया परतली, ताट तसंच. शेजारणीला म्हणाली, "आत रेडिओ चालू होता. घरात असून उघडलं नाही तिने." शेजारीण म्हणाली, "अगं, तो तर तिचा दिवसभर चालूच असतो." पण ज्याला दुखलंय त्याला असलं ऐकू येत नाही.

पुढच्या वर्षांतले क्षमेचे रविवार दोघींनी आपापल्या घरात बसून काढले. एकदा जाऊन आले होते ना, आता तिची पाळी, असं दोघींचंही म्हणणं. ग्लेबने दोघींना विचारून पाहिलं. दोघी म्हणाल्या, "मी गेले होते, तिला विचार." त्याला वाटलं, कुणीतरी एक खोटं बोलतेय, आणि आईला किंवा धर्ममातेला खोटं म्हणायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

काही वर्षांनी पुन्हा परके सैनिक आले. या वेळी त्यांच्या गणवेशावर कसलंच चिन्ह नव्हतं. ना ढोल वाजले, ना फाटक कुणी अडवलं. युक्रेनचे झेंडे उतरले, रशियन चढले. मोत्रियाने घर विकलं, बॅगेवर क्षणभर गप्प बसली, प्रवासाआधी आमच्याकडे बसतात तशी, आणि पोल्टावाला बहिणीकडे गेली. मला मागे ठेवून.

नव्या मालकाने माझ्यात छपराचं पाणी साठवलं. तळ गंजला, पाणी राहीना, तेव्हा त्याने मला कुंपणाशी लोटलं. आता लढाई सुरू आहे, तोही घर बंद करून गेलाय. ग्लेबचं जहाज कुठल्या समुद्रात आहे, देव जाणे. इकडून पोल्टावाला फोन लागत नाही. झोया कधी काठी टेकत माझ्यापाशी येते, माझ्या पत्र्यावर हात ठेवते आणि त्या बंद घराकडे बघून म्हणते, "पडदा हलला होता. मी पाहिलाय ना."

वाचणाऱ्या माणसा, तुझं तोंड बोलतं. तुला पाय आहेत. पोल्टावाच्या बाजूला तुझं जाणं झालंच, तर एका गुडघ्याने अधू म्हातारीचा पत्ता काढ. तिला सांग, झोया आली होती. तुझं दार ठोकून, हाक मारून, कितीतरी वेळ उभी होती. तिच्या हातातलं ताट अजून वाफाळत होतं.