उताराचे ब्रेक

रेणू सिविक सेंटरमधल्या एका चष्म्यांच्या दुकानात कामाला होती आणि सुटीच्या दिवशी डोंगरावरून सायकल खाली सोडायची. भिलाईच्या तिच्या सायकल क्लबात उतारावर जाणारे दोघेच, ती आणि पीयूष. बाकी सगळे क्रॉस कंट्रीवाले, कुरुदच्या पुढे कच्च्या वाटांवर लांबच लांब पेडल मारणारे. क्लबचा कर्ताधर्ता अतुल त्यांच्यातलाच. कधीकाळी त्याने राज्य स्पर्धेत पदक आणलं होतं, आणि सायकलीतलं आपल्याला न कळणारं काही नाही अशी तेव्हापासून त्याची खात्री होती.

यंदाच्या स्पर्धेसाठी क्लबला नवे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मिळणार होते. कोणते घ्यायचे ते अतुलच्या हातात. त्याने सरसकट एकच प्रकार मागवला, दोन पिस्टनचे, लहान डिस्कचे, वजनाला हलके.

रेणू त्याला भेटली. "अतुलभाऊ, हे तुमच्या क्रॉस कंट्रीले बरोबर आहेत. चढावर वजन कमी पायजे, अन् ब्रेक मधूनमधून लागते. आमी तं वरून खालपर्यंत ब्रेकवरच असतो. आमाले चार पिस्टनचे, मोठ्या डिस्कचे पायजे. हे तापतीन, मंग लागणारच नाही."

"एवढं कळते तं क्लब तूच चालव ना," अतुल म्हणाला. "डर लगता है तो मत उतरो."

आजूबाजूचे हसले. पीयूषही हसला.

रेणूने आपले जुने, जड ब्रेक काढलेच नाहीत. पीयूषने मात्र नवे बसवून घेतले. ती त्याच्यावर भडकली, तेव्हा तो म्हणाला, "टीम तोच निवडते. मी त्याले नाही कसं म्हणू?"

रविवारी दोघं राजहराकडच्या टेकडीवर गेले. वाट लाल मातीची, उभी, दगडांनी भरलेली. पीयूष पुढे, रेणू मागे. अर्ध्या उतारावर तिला जळका वास आला. पाठोपाठ पीयूष ओरडला, "रेणू, ब्रेक नाही लागून राहिला!"

पुढे वळण होतं. तो वळलाच नाही. सरळ झाडीत गेला.

सायकल टाकून ती धावली. त्याचा खांदा विचित्र खाली लोंबत होता, गालावरची कातडी सोलवटली होती. मदतीला माणसं येईपर्यंत ती त्याचं डोकं धरून बसली. त्याला नेल्यावर तिने त्याच्या ब्रेकची लिव्हर दाबून पाहिली. ती काहीच जोर न देता थेट मुठीला टेकली. डिस्क तापून निळी पडली होती. रेणूने बाजूच्या झाडाला लाथ मारली, पुन्हा मारली, पाय दुखेपर्यंत मारली.

दोन दिवसांनी ती पद्मनाभपुरात पीयूषच्या घरी गेली, तर अतुल आधीच सोफ्यावर बसलेला. पीयूषची आई मैनाबाई त्याच्यासमोर चहा ठेवत होत्या.

"ब्रेक एकदम नवे होते, काकू," अतुल सांगत होता. "पोरगा घाबरला, हँडल सुटलं. तिकडे घेऊन गेली कोण, तं ही."

रेणू तशीच पुढे आली. "खोटं बोलून राहिले तुमी! मी सांगतलं होतं तुमाले. सगळ्याइसमोर सांगतलं होतं!"

"आवाज खाली ठेव."

"कावून ठेवू? त्याचं हाड मोडलं, अन् तुमी त्यालेच भित्रा म्हणता?"

मैनाबाई मुलाकडे वळल्या. "तू सांग रे. काय झालं?"

पीयूषने अतुलकडे पाहिलं, मग पलंगाच्या चादरीकडे. "मले आठवत नाही, आई."

रेणूला वाटलं, पडताना त्याला लागलं नसेल तेवढं आपल्याला आता लागलं. पोराने आधी अतुलकडे पाहिलेलं मैनाबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्या अतुलकडे वळल्या.

"अतुलभाऊ, तुमचा पोरगा त्या डोंगरावर जात असता तं हेच ब्रेक लावले असते का?"

अतुल म्हणाला, "काकू, तसं नसते..."

"हो का नाही, तेवढं सांगा."

त्याने चहाकडे हात नेला. मैनाबाईंनी भरलेला कप त्याच्यासमोरून उचलला. "उठा तुमी. माह्या घरात बसून माह्या पोराले भित्रा म्हणू नका."

अतुल गेला. त्याच दिवशी त्याने क्लबच्या ग्रुपमधून रेणूचं नाव काढून टाकलं. टीममधूनही. स्पर्धा तिच्याविना झाली. पीयूषचे फोन येत राहिले, तिने एकही उचलला नाही.

एका दुपारी तो गळ्यातल्या झोळीत हात अडकवून दुकानात आला. रेणू काउंटरवर काचा पुसत होती.

"मले आठवते सगळं," तो म्हणाला. "तेव्हाही आठवत होतं. आज ग्रुपवर लिहिलं, ब्रेक तापून गेले म्हणून. तू आधीच सांगतलं होतं, तेही लिहिलं. अतुलभाऊनं मलेही काढून टाकलं."

"मंग? टाळ्या वाजवू?"

"नाही."

ती काच घासत राहिली. "तुह्या आईसमोर मले खोटं पाडलं तू."

"हो."

बाहेर ऑटोवाल्यांचा गलका चालू होता. रेणूने फडकं काउंटरवर आपटलं. "खांदा?"

"जुळून राहिला."

"पूर्ण जुळू दे. मंग नवे ब्रेक लावू. मोठ्या डिस्कचे. मी निवडीन, तू तोंड नाही उघडायचं."

"म्हंजे राग गेला तुहा?"

"नाही," रेणू म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.