ओल धरली असेल

"तू बाहेर थांब," बाबांनी लेकीला सांगितलं आणि तपासणीच्या पडद्याआड जाता जाता पुन्हा बजावलं, "बाहेर म्हणजे व्हरांड्यात. दाराशी नाही."

लेक व्हरांड्यात गेली. लघवीला त्रास होतोय, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. तेही धड चालता येईना तेव्हा. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. बाबा खुर्चीत अंग चोरून बसले होते. फर्निचरला पॉलिश करण्यात त्यांचा जन्म गेला होता; तपकिरी झालेली नखं त्यांनी मुठीत लपवली होती.

"हे म्हणतात, मुलीला तुम्हीच सांगा, मला तोंड नाही," डॉक्टर म्हणाले. "तर सांगतो. लिंगाच्या पुढच्या कातडीवर पांढरा डाग होता, वर्षानुवर्षं. कातडी आवळत गेली. आता तिथं कडक जखम झालीय आणि जांघेत गाठी लागतायत. तुकडा काढून तपासू. पण मला लक्षण बरं दिसत नाही."

"इतकी वर्षं काहीच लावलं नाही?" लेकीनं विचारलं.

"लावलं की," बाबा फरशीकडं बघत म्हणाले. "स्पिरिट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिथं? स्पिरिट? का हो?"

"लाखेच्या पॉलिशनं ओल धरली की ते पांढरं पडतं. दमट हवेत टेबल असं पांढरं पडलं, की आम्ही स्पिरिटचा बोळा हलक्या हातानं फिरवतो. ओल उडते, रंग परत येतो. मला वाटलं, कातडीनंही ओल धरली असेल. झोंबायचं फार. म्हटलं, झोंबतंय म्हणजे काम करतंय."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली.

"वयाबरोबर तिथला रंग गडद होतो, त्याचं काही नसतं," डॉक्टर म्हणाले. "पण कातडी पांढरी आणि ताठर व्हायला लागली, लाल चट्टा जाईना, जखम भरेना, तर दाखवायचं असतं. तुमच्या डागाला मलम होतं. साधं, नळीतलं. पाण्यानं धुवायचं, मलम लावायचं, अधूनमधून दाखवून जायचं. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं."

"आणि लागण?" बाबांनी एकदम विचारलं. "घरात, म्हणजे, बायकोला?"

"या डागाची? नाही. हे कोड नाही आणि गुप्तरोगही नाही."

बाबांनी डोळे मिटून घेतले. लेकीला वाटलं, सुटल्यासारखं झालं असेल. पण त्यांचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता.

दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "आईला सांग, जांघेत गाठ आहे. बाकी काही नको."

"बाबा, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायला लागलात, ते यामुळं?"

"पाठ दुखायची की माझी."

"बाबा."

"तिला लागलं असतं म्हणजे? आणि तुझं लग्न व्हायचं होतं. बापाला कोड आहे म्हटल्यावर पाहुणे जिन्यातूनच परत गेले असते."

बाबांच्या कारखान्यातले सुतारकाका एकदा जेवायला आले होते, ते लेकीला आठवलं. "काय वहिनी, आमच्या उस्तादाला म्हणे खोलीबाहेर काढलंत! गुन्हा तरी काय केला बिचाऱ्यानं?" सगळे खो खो हसले होते. आईसुद्धा. मग स्वयंपाकघरात येऊन आईनं पातेल्यात डाव फिरवत, लेकीकडं न बघता विचारलं होतं, "मी फार सुटलेय का गं?"

"आईला काय वाटत आलंय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"काय?"

"की ती तुम्हाला नकोशी झाली."

"नकोशी?" बाबांनी तो शब्द असा उच्चारला, की जणू पहिल्यांदाच ऐकत होते. "वेडी आहे का ती? कधीपासून?"

"तुम्ही गादी उचललीत तेव्हापासून."

ते बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग उठले. "चल. तू काही बोलू नकोस. मी सांगतो."

आई खिडकीपाशी शर्टाला गुंडी लावत बसली होती. बिघडलेल्या कामाबद्दल मालकापुढं उभं राहावं तसे बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. डाग, स्पिरिट, गादी, सगळं. सुई शर्टातच राहिली.

"म्हणजे माझ्यात काही नव्हतं," आई म्हणाली.

"तुझ्यात काय असायचंय? अगं, तुझ्यासाठीच तर मी..."

"माझ्यासाठी?" आईचा आवाज चढला. "अहो, एकदा तोंड उघडायचं होतं! लाकूड समजलात का स्वतःला? आणि मला काय समजलात? मी आरशापुढं उभं राहायचं सोडलं हो."

"चुकलं," बाबा म्हणाले.

आईनं दातांनी दोरा तोडला. शर्ट घडी करून बाजूला ठेवला. "तू जरा खाली जाऊन ये," ती लेकीला म्हणाली.

"काय आणू?"

"काही आणू नकोस. नुसती जा."

लेक जिना उतरत असताना वर आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ऑपरेशन झालं. जखमेची पट्टी आईच बदलायची. नर्सला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मला दाखवून ठेवा, मी करीन. बाबांची गादी आतल्या खोलीत परत आली. दुपारी दोघं तिथं काहीतरी बोलत बसायची, मध्येच आई रागवायची, मध्येच हसायची. लेक टीव्हीचा आवाज कमी करायची, मग पुन्हा वाढवायची. गाठींनी मात्र फार सवड दिली नाही. इतक्या वर्षांचं बोलणं त्या थोड्या महिन्यांत मावण्यासारखं नव्हतं आणि ते दोघांनाही कळत होतं.

बाबा गेल्यावर कारखान्यातली माणसं भेटायला आली. सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. मुकादमानं घसा खाकरून विचारलं, "नेमकं झालं काय होतं?"

"गाठ होती, जांघेत..." लेकीनं सुरुवात केली.

"लिंगाचा कॅन्सर झाला होता," आई म्हणाली.

मुकादम छताकडं बघायला लागला.

"आधी नुसता पांढरा डाग होता. मलमानं आवरला असता. लाजेपायी लपवला आणि वर स्पिरिट चोळत राहिले. तुमची सगळ्यांची बायकापोरं आहेत, म्हणून सांगते. तसलं काही असलं तर लपवू नका."

माना खाली गेल्या. चहा आला, तो गुपचूप पिऊन झाला आणि एकेक जण नमस्कार करून उठला. एक जण चपला घालूनही उंबऱ्यापाशीच घोटाळत राहिला. चाळिशीचा, पॉलिशच्याच खात्यातला. त्याचं काही विसरलंय असं वाटून लेक पुढं होत होती. आईनं तिला हातानंच थांबवलं आणि स्वतः दाराशी गेली.

"बरेच दिवस झाले का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

त्यानं मान वर न करता काहीतरी सांगितलं. आईनं बाहेर पाऊल टाकलं, मागं दार ओढून घेतलं आणि दोघं जिन्यावर उभी राहून बोलत राहिली.