पायाचं माप

सर्व्हेअरांनी खिशातलं पेन काढलं, एस्टिमेटचा कागद मांडीवरच्या पिशवीवर सपाट केला आणि तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली.

"हे काय आहे? चालकासोबत फेरी," त्यांनी वाचून दाखवलं. "गाडी तुमच्या त्या रोलरवर उभ्या जागी पळणारच आहे. मग माझ्याबरोबर गावभर फिरायचे वेगळे पैसे कशाला?"

टेबलापलीकडे बसलेली ट्यूनरबाई, गाड्यांची इंजिनं हवी तशी जुळवून देणारी, चिंधीने बोटं पुसत होती. ती पस्तिशीची असेल, कानांवर घालायचे जाड हेडफोन तिच्या गळ्यात लटकत होते. तिच्याकडे येणारी गिऱ्हाइकं एकच गोष्ट विचारत, गाडी आता किती पळेल. हे काका मात्र आल्यापासून एकेका ओळीचा पंचनामा करत होते.

त्याला कारण होतं. उभी हयात त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात घालवली होती. गॅरेजवाल्याने 'नवीन बंपर' लिहिलं की ते खोडून 'दुरुस्ती' लिहायचे, आणि 'दुरुस्ती' लिहिलं असेल तर नुसतं खोडायचे. गॅरेजवाले पाठीमागे त्यांना 'कात्री' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं आवडतही होतं. निवृत्तीनंतर कात्रीला काम उरलं नव्हतं, तेव्हापासून ती घरच्या किराण्यावर चालत होती.

"अहो, त्यांना बोलू तरी द्या," दाराशेजारच्या खुर्चीतून त्यांची बायको म्हणाली. ती पाठीशी उशी घेऊन ताठ बसली होती.

ट्यूनरबाईने चिंधी बाजूला ठेवली. "काका, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम घालायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. तेवढ्याचेच पैसे घ्यायचे तर मलाच लाज वाटेल. आणि तयार प्रोग्रॅमही मिळतात, तयार सदऱ्यासारखे. कुणालाही होतात, कुणालाच नीट होत नाहीत. तुम्ही मापाचं मागितलंत."

"बरं, मग?"

"मग आधी इंजिन धडधाकट आहे का ते बघायचं, ती पहिली ओळ. रोलरवर पळवून ते कुठे किती इंधन पितं ते बघायचं, ती दुसरी. पण इंजिनं एका कारखान्यातून निघाली की सगळी सारखीच असतात. पाय वेगळे असतात. तुम्ही ॲक्सिलरेटर कसा दाबता, कधी सोडता, ते बसून बघितल्याशिवाय माप घेतलं असं म्हणता येणार नाही."

सर्व्हेअरांनी कागदावरून बोट फिरवलं. पैसे द्यायला त्यांची ना नव्हती. कशाचे देतोय ते कळल्याशिवाय द्यायला होती. आणि या कामासाठी तर ते वाटेल तेवढे मोजायला तयार होते, फक्त तसं तोंडाने म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडीचा गचका तिला सहन होत नसे. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नव्हती, फक्त धक्के टाळा म्हणाले होते. म्हणून ती आता पुढे नवऱ्याशेजारी न बसता मागच्या सीटवर पाय पसरून बसे. तरीही सिग्नल सुटला की गाडी दचकल्यासारखी उडी घेई आणि मागून एक बारीकसा "अं" ऐकू येई. घाटापलीकडे राहणाऱ्या लेकीला मुलगी झाली होती. नात आता रांगायला लागली होती आणि आजीने तिला अजून फोनवरच पाहिलं होतं. एकदा ते निघालेही होते. अर्ध्या वाटेवर सर्व्हेअरांनी आरशात पाहिलं, तर बायकोचा चेहरा पांढराफटक पडलेला होता. ते गाडी वळवून परत आले.

त्यानंतर त्यांनी प्लग बदलले, इंजिनखालचे रबर बदलले, दोन मेकॅनिक बदलले. गाडीत काही नाही म्हणणाऱ्या मेकॅनिकवर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी पुतण्याने सांगितलं, लोक ट्यूनिंग करून गाडी तापट करतात, तशी ती शांतही करता येत असेल. हे मात्र त्यांना पटलं.

"ठीक आहे," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. ती ओळ त्यांनी खोडली नाही. बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं.

रोलरवर गाडीने काहीच खोडी काढली नाही. चाकं जागच्या जागी फिरत होती, आवाज चढत होता, उतरत होता, आणि ट्यूनरबाई हेडफोन लावून मान तिरपी करून ऐकत होती. पुन्हा पुन्हा तिने हळू सुरुवात करून पाहिली. मग हेडफोन उतरवून म्हणाली, "चला काका, आता तुमच्याबरोबर."

सर्व्हेअर गाडीत बसले. बसल्यावर त्यांनी वाकून उजवा बूट नेमका कुठे आहे ते पाहिलं, मग पाय ठेवला. घरातून निघताना ते हल्ली नेहमी लेसवाले बूट घालत, चपला पायात राहत नाहीत म्हणून. ट्यूनरबाई शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, त्याची वायर स्टेअरिंगखाली जोडलेली होती. मागे बायकोने उशी ठीक केली आणि दारावरचा दांडा धरला.

बाजाराचा रस्ता, दोन सिग्नल, शाळेपुढचे गतिरोधक, मग पाण्याच्या टाकीकडचा चढ. पहिल्या सिग्नलला गाडीने उडी घेतली. मागून "अं" आला.

"बघितलंत? हेच," सर्व्हेअर म्हणाले. त्यांना जवळजवळ आनंदच झाला. दाखवायला नेलं की दुखणं नाहीसं व्हावं, तसं गाडीने केलं नव्हतं. "मी पाय नुसता टेकवला. नुसता टेकवला की ही अशी सुटते."

ट्यूनरबाई पडद्याकडे बघत होती. "हं," ती म्हणाली.

टाकीपर्यंत तिची नजर पडद्यावरच राहिली. तिथे गाडी सावलीत उभी केल्यावर तिने लॅपटॉप मिटला. "काका, परत जाताना मी चालवू? मला एकदा माझ्या पायाने बघायचंय."

गाडी दुसऱ्याच्या हातात देणं सर्व्हेअरांच्या जिवावर येई. पोटच्या पोरीलाही त्यांनी ती दिली नव्हती. पण एस्टिमेटमधल्या ओळीचे पैसे लागलेच आहेत, तर तिला पुरतं बघू द्यावं असा विचार करून ते उतरले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

उतार, शाळा, गतिरोधक. सिग्नलला गाडी थांबली तशी त्यांनी डॅशबोर्डवर हात टेकवून ठेवला. हिरवा दिवा लागला. गाडी निघाली, पुढे गेली, भाजीच्या हातगाड्या मागे पडल्या, आणि त्यांचा हात उगाचच डॅशबोर्डवर राहिला.

दुसऱ्या सिग्नललाही तेच.

"काही बसवलंत का आत्ता? मघाशी, लॅपटॉपवरून?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. अजून कशालाच हात लावलेला नाही."

बायकोला विचारावं म्हणून ते मागे वळले. ती झोपली होती. मान उशीवर कलली होती, तोंड थोडं उघडं होतं. दांड्यावरचा हात सुटून मांडीवर पडला होता. ऑपरेशननंतर गाडीत ती कधी डोळे मिटून बसलेलीही त्यांना आठवेना. "आज कमी आहे ना?" असं ते दर वेळी आरशातून विचारत, आणि ती दर वेळी "हो, आज बरंच बरं" म्हणे.

ते पुढे तोंड करून बसले. त्यांना शरम वाटली. आयुष्यभर त्यांचं कामच हे होतं. अपघात झाला की जाऊन बघायचं आणि ठरवायचं, दोष गाडीचा की चालवणाऱ्याचा. किती जणांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, गाडीत काही नव्हतं साहेब, तुमचीच चूक. ऐकताना लोकांचे चेहरे कसे पडत, ते त्यांनी कधी फार निरखून पाहिलं नव्हतं.

"पाय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

ट्यूनरबाईनेही आवाज उतरवला. "मला एवढंच दिसतं की तुमचं पेडल हळू दबत नाही, एकदम खाली जातं. मग एकदम सुटतं. का, ते मला नाही सांगता येणार."

"साखर आहे मला. तळव्याला काही कळेनासं झालंय. वर्ष होत आलं." ते बाहेर बघत बोलत होते. "हिला नाही बोललो. आधीच तिचं तिला काय कमी आहे."

पुढे वळण होतं, ते ट्यूनरबाईने इतकं सावकाश घेतलं की मागची झोप हलली नाही.

"तुम्ही ते करून देऊ शकता ना पण?" सर्व्हेअर म्हणाले. "मी कसाही दाबला तरी हळूच उचलेल असं. पैशाचं तुम्ही बघू नका."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कुठल्याही गॅरेजात कुणी ऐकलेलं नव्हतं.

"करता येतं," ती म्हणाली. "ॲक्सिलरेटर हवा तेवढा मऊ करून देईन. पण ब्रेकवरही हाच पाय असतो, काका. त्याचं माझ्याकडे काही नाही."

यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

गॅरेजच्या फाटकाशी गाडी थांबली. इंजिन बंद झालं तशी मागे हालचाल झाली.

"आलो का?" बायको म्हणाली. मग जरा सावरून, "झालं का काम?"

"झालं," सर्व्हेअर म्हणाले.

"किती लागले?"

"तपासणीचे आणि फेरीचे, तेवढेच."

ते उतरले. गाडीच्या नाकापुढून वळसा घालून चालकाच्या बाजूला आले, तसं ट्यूनरबाईने दार उघडलं आणि जागा रिकामी करू लागली. मागे बायकोने उशी पाठीशी घट्ट दाबली आणि हात वर करून पुन्हा दांडा धरला. काचेतून त्यांना तो हात दिसला.

त्यांनी मागचं दार उघडलं.

"तुम्ही बसा, ताई," ते ट्यूनरबाईला म्हणाले. "आम्हाला घरापर्यंत सोडता का? त्याचेही लावा एस्टिमेटमध्ये. आणि लेकीकडे जायचंय येत्या रविवारी. तुमच्या ओळखीत एखादा ड्रायव्हर असेल तर सांगा. हलक्या पायाचा."

"आहे एक," ती म्हणाली. "माझा भाऊच आहे."

सर्व्हेअर बायकोशेजारी सीटच्या कडेला बसले आणि दार ओढून घेतलं. आपल्याच गाडीत मागे बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या सीटमुळे रस्ता नीट दिसत नव्हता आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. बायकोचा हात अजून दांड्यावरच होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि पसरलेले पाय आवरून त्यांना जागा करून दिली.

"रविवारी जाऊ," ती म्हणाली. "पण त्याआधी तो पाय डॉक्टरांना दाखवायचा."

सर्व्हेअर तिच्याकडे वळले. "तुला कधीपासून..."

"ते बोलू घरी. आधी दार परत लावा. या बाजूचं जरा जोरात ओढल्याशिवाय लागत नाही."

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी दार उघडून पुन्हा ओढलं, या वेळी जोरात.